साडेदहाचं पाणी

माझे धाकटे साडू घड्याळ न बघता वेळ सांगतात. तुम्ही विचारा, "किती वाजले हो?" ते मान वर करून म्हणणार, "चौकाचं पाणी बंद होऊन वीस मिनिटं झाली." मग बसा आपण मोजत. एकतीस वर्षं नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलं की माणसाचं असं होत असावं.

त्यांची चावी छातीइतकी उंच, वर आडवा दांडा. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. मोजताना कुणी हाक मारली तर ओ देत नाहीत. एकदा खुद्द नगराध्यक्ष हाका मारत होते, तर ह्यांनी डावा हात वर करून त्यांना तसंच थांबवून ठेवलं. सतरा, अठरा, एकोणीस... बावीस झाल्यावर वळले आणि म्हणाले, "बोला." चावीचं टोक जमिनीत रोवून दुसऱ्या टोकाला कान लावला की पाइप कुठे गळतोय तेही त्यांना ऐकू येतं. बायको काय म्हणते ते मात्र ऐकू येत नाही, असं माझी मेहुणी सांगते.

तर अशा माणसाचा आणि शाळेचा काय संबंध? तीच तर गंमत आहे.

गावाच्या खालच्या भागात नगरपालिकेची शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीनं त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, पण त्या समोरून आल्या की मी अजून शर्टाची गुंडी लावतो. त्या वर्षी बाईंना वरून एक पत्र आलं. पाचवी, सहावी, सातवी मिळून पट ब्याऐंशीचा आणि रोज हजर असायची जेमतेम पंचेचाळीस. वर्ष संपायला चार महिने होते. शेवटच्या तीन महिन्यांत हजेरीची सरासरी साठावर गेली नाही, तर तिन्ही वर्ग हमरस्त्यापलीकडच्या शाळेत हलवणार. त्या रस्त्यावर ट्रक असे धावतात की मोठी माणसंसुद्धा दहा मिनिटं कडेला उभी राहतात. बाईंना पक्कं ठाऊक होतं, निम्म्या मुली पलीकडे जाणारच नाहीत. घरीच बसतील, कायमच्या.

बाईंनी जिवाचं रान केलं. घरोघरी गेल्या, आयांना समजावलं, बापांना झापलं. सगळे माना डोलवायचे, "पाठवतो, बाई." दुसऱ्या दिवशी बाकं तशीच रिकामी. नगरपालिकेच्या शिक्षण विभागाच्या साहेबांना लिहिलं, तर उत्तर आलं, "पालकांचे प्रबोधन करावे." बाई म्हणाल्या, "प्रबोधन करून करून माझा घसा बसला, आता साहेबांनी गोळ्या पाठवाव्यात."

आणि एक कोडं होतं. पहिली ते चौथीचे वर्ग गच्च भरलेले! त्याच घरांतली, त्याच आयांची पोरं. धाकटं येतं आणि थोरलं येत नाही, हे कसं?

एके दिवशी शाळेची पाण्याची टाकी वाहायला लागली म्हणून साडू तिथे गेले. काम उरकून ते बाईंच्या खोलीच्या दारात चहा पीत उभे होते. मी काही तिथे नव्हतो, पण साडूंनी हे मला इतक्यांदा सांगितलंय की कपाचा टवका कुठे उडाला होता तेही मी सांगू शकेन. बारा वाजायच्या सुमाराला सातवीतली एक मुलगी धापा टाकत आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"या बाईसाहेब!" मोठ्या बाई म्हणाल्या. "आज काय निमित्त?"

"पाणी भरत होते, बाई."

"कालही पाणी, परवाही पाणी. समुद्र भरतेस का गं?"

मुलगी ओल्या बाह्या खाली ओढायला लागली. साडूंनी कप खाली ठेवला.

"बाई, पोरगी खोटं बोलत नाही. ह्या भागाला मी साडेदहाला पाणी सोडतो आणि पावणेबाराला बंद करतो. आईबाप आठलाच कामावर गेलेले असतात. मग बादली ज्याला उचलते ते पोर घरी थांबणार."

बाईंचा पारा चढला. "शाळा भरायच्या वेळेला पाणी? ही अक्कल कुणाची?"

साडू घुटमळले. मग म्हणाले, "तुमचीच, बाई. तुमचा अर्ज होता."

आणि खरंच होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाणी सकाळी सहाला यायचं. तेव्हा शाळेत कुणी नसायचं, टाकी भरून नुसती वाहत राहायची. म्हणून बाईंनी अर्ज केला, की शिपाई हजर असतो तेव्हा, साडेदहाला, शाळेला पाणी द्यावं. कचेरीनं मंजुरीचा शिक्का मारला. पण शाळेचा व्हॉल्व्ह आणि खालच्या भागाचा व्हॉल्व्ह एकच! ते कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. ठाऊक होतं फक्त साडूंना, आणि साडूंना कुणी विचारलं नाही. आयांना वाटलं, शाळेनंच वेळ मागून घेतली, म्हणजे शाळेला माहीत असणारच.

साडू रोज एका वहीत पाणी सोडल्याची वेळ लिहून ठेवतात. बाईंनी ती वही मागवून घेतली आणि हजेरीपटाशेजारी ठेवली. वर्षात नऊ दिवस पंप बंद पडून पाणी आलंच नव्हतं. त्या नऊ दिवसांची हजेरी बघितली. एकदाही सत्तरच्या खाली नाही!

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं बराच वेळ पुसत बसल्या. "मी लोकांच्या दारात जाऊन ओरडत होते," त्या म्हणाल्या, "आणि दोन वर्षं पोरं घरी बसवली होती मीच."

"चावी तर माझ्याच हातात होती, बाई," साडू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं दोन्ही वह्या घेऊन नगरपालिकेत गेले. शिक्षणाचे साहेब वरच्या मजल्यावर बसतात, पाण्याचे इंजिनिअर खालच्या. मध्ये सोळा पायऱ्या, पण कामासाठी त्या दोघांनी कधी चढल्या-उतरल्या नव्हत्या. बाईंनी दोघांना एका टेबलाशी आणलं आणि साडूंनाही खुर्ची द्यायला लावली.

इंजिनिअरांनी वह्या चाळल्या. "टाकीला चांगला फ्लोट बसवतो, भरली की पाणी आपोआप बंद होईल. शिपाई लागणार नाही. पण सकाळी सहाला पंप दोनच भागांना पुरतो. खालच्यांना सहाला दिलं, तर दुसऱ्या कुणाला तरी साडेदहाला घ्यावं लागेल. कोण तयार होईल?"

साडू म्हणाले, "आमचा वरचा भाग. सगळ्यांच्या गच्चीवर टाक्या आहेत आणि निम्मे लोक माझ्या साडूसारखे रिकामटेकडे."

बघा! मला न विचारता माझं पाणी देऊन मोकळे झाले.

दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलली आणि वरच्या भागानं साडूंचं घर डोक्यावर घेतलं. सगळ्यात मोठा आवाज माझ्या मेहुणीचा. "तीस वर्षं गावाला वेळ सांगत फिरणाऱ्या माणसाला बायकोला एक शब्द सांगायला वेळ नाही!" शेवटी मोठ्या बाई स्वतः आल्या. ओसरीत जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. शिव्या मला द्या, पण तीन महिने द्या."

मेहुणीनं विचारलं, "सातवीत मुली किती?"

"सोळा."

"आणि वर्ग हलला तर?"

"सात-आठ जणीच शाळेत राहतील."

मेहुणीनं पदर खोचला. मग जमलेल्यांकडे वळून म्हणाली, "चला गं, भांडी साडेदहाला घासली तर पळून जात नाहीत."

आता तुम्हाला वाटेल, झालं, वर्ग भरले. छे! पहिल्या पंधरवड्यात सरासरी बावन्न. बाईंची झोप उडाली. पुन्हा चौघं बसले. शिक्षणाचे साहेब म्हणाले, "मीच येऊन बघतो." ज्यांनी आजवर नुसते कागद पाठवले होते ते साहेब सकाळी सहाला चकचकीत बूट घालून साडूंच्या मागे गल्लोगल्ली फिरले. तिसऱ्याच नळावर बूट भिजले. तिथे एक बाई बादली लावून उभी होती. तिनं त्यांना खालून वर न्याहाळलं.

"साहेब, आज सहाला आलंय. उद्या पुन्हा साडेदहाला आलं तर? मागच्या वेळी आम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का? म्हणून थोरलीला घरीच ठेवते."

साहेब माणूस खोटा नव्हता. त्याच आठवड्यात त्यांनी शाळेच्या भिंतीवर पाण्याची वेळ रंगवून घेतली. खाली स्वतःचं आणि इंजिनिअरांचं पद लिहिलं, आणि एक ओळ: शाळेला आणि घरांना आठ दिवस आधी कळवल्याशिवाय ही वेळ बदलणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन्ही साहेब, बाई आणि साडू दोन्ही वह्या घेऊन बसायला लागले. एकदा खरंच पाइप दुरुस्त करायचा होता, तर आठ दिवस आधी चिठ्ठ्या घरोघरी गेल्या आणि काम रविवारी झालं. तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. छप्पन्न, एकसष्ट, अडुसष्ट, सत्तर.

वर्षअखेरीला तपासणीस आले. दिवसभर पट तपासले, मुलांना नावं घेऊन उभं केलं, बाहेर जाऊन भिंतही वाचून आले. तीन महिन्यांची सरासरी निघाली एकसष्ट. आठवड्यानं आदेश आला, तिन्ही वर्ग आहेत तिथेच राहतील. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला म्हणे, आणि अर्ध्यावर आल्यावर कागद सातवीतल्या एका मुलीच्या हातात दिला, पुढचा भाग तिनं वाचला.

ही बातमी सांगायला साडू धावत घरी आले. मी तिथेच बसलो होतो. मेहुणीनं सगळं ऐकलं, पदरानं डोळे टिपले आणि विचारलं, "म्हणजे तीन महिने संपले. आमचं पाणी आता परत सहाला ना?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

"परत बदललं तर तिकडची पोरं पुन्हा घरी बसतील गं," साडू म्हणाले. "आता साडेदहाच. कायमचं."

मेहुणी उठून आत गेली. आतून बादल्यांचा मोठा आवाज आला. थोड्या वेळानं ती तिघांचा चहा घेऊन बाहेर आली आणि साडूंना म्हणाली, "पुढच्या सोमवारच्या बैठकीला मी येणार आहे. वरच्या भागातर्फे. खुर्ची सांगून ठेवा."

सोमवारी ती गेली. आणि अजून जाते.