हिराकाकीची पाटी आणि डॉट कॉम

मुरुडला एसटी स्टँडसमोर आमचं दुकान एकच, टेबलं दोन. एकावर मी लॉजवाल्यांच्या वेबसाइट बनवतो, दुसऱ्यावर सलीमभाई वकील ट्रेडमार्कची कामं बघतात. इंटरनेटवर नाव घ्यायचं तर माझ्याकडे यायचं, त्याच नावावरून भांडायचं तर त्यांच्याकडे. गिऱ्हाईक चहा फुकट पितं आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातं. आता तर बसायला जागा उरली नाही, इतके साठलेत!

*

लॉजवाल्या नानांना डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, घेऊन दिलं. "नवी जागा घेतली ना? मग नारळ फोडायला पायजे!" म्हणत त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेवरच नारळ फोडला. पाणी थेट कीबोर्डात! नानांचं बुकिंग सुरू झालं, माझं काम बंद पडलं.

*

हेच नाना पुन्हा आले. "सातबाऱ्यावर नाव कधी चढणार?"

मी म्हटलं, "नाना, डोमेनला सातबारा नसतो. दरवर्षी पैसे भरायचे आणि वापरायचं."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे आम्ही कूळ! वकीलसाहेब, कूळकायदा लागतो का?"

सलीमभाई चक्क विचारात पडले!

*

एका रिसॉर्टवाल्याला 'समुद्रकिनारा' या शब्दाचाच ट्रेडमार्क हवा होता.

"अरे बाबा, तो शब्द सगळ्यांचा," सलीमभाई म्हणाले. "एकट्याला कसा मिळेल?"

"बरं, मग आमच्या कंपाउंडासमोरचा तेवढा द्या!"

*

हिराकाकीचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. काकी सकाळी बाजारात मासे विकते आणि घरच्या चार खोल्या पाहुण्यांना देते. 'हिराई' हे नाव तिनं कमावलेलं. पुतण्या दिनेशनं शेजारी रिसॉर्ट काढलं आणि 'हिराई'चं डोमेन गुपचूप स्वतःच्या नावावर घेतलं. लोक काकीला शोधायचे आणि दिनेशकडे उतरायचे. ऐन सीझनमध्ये काकीच्या खोल्या रिकाम्या. मला फार वाईट वाटलं.

सलीमभाईंनी धीर दिला. "ट्रेडमार्क नोंदवला नसला तरी इतक्या वर्षांच्या वापराचा हक्क असतो. नोटीस पाठवू."

"पाठवा सावकाश," काकी म्हणाली आणि उठली.

आमच्या मासळीबाजारात एक रीत आहे. विकणारी बाई आली नाही तरी तिच्या जागेवर तिची माशांची पाटी उपडी असते. ती पाटी कुणी उचलत नाही, तिथं कुणी बसत नाही.

काकीनं शनिवारी सकाळी दिनेशच्या रिसॉर्टच्या दारात, बरोबर मधोमध, पाटी उपडी घातली आणि घरी गेली.

मॅनेजर हात लावेना. कामाला येणाऱ्या बाया मासळीबाजारातल्याच घरच्या, त्या पाटी बघून परत फिरल्या. चहा नाही, नाश्ता नाही, पाहुण्यांची बोंबाबोंब!

दुपारी दिनेश घामाघूम होऊन दुकानात आला. काकी आधीच येऊन चहा पीत होती.

"काकी, पाटी उचल गं!"

काकीनं माझ्या कॉम्प्युटरवरच्या 'हिराई डॉट कॉम'कडे बोट दाखवलं.

"आधी तू उचल."