लाल गाभ्याचं फूल

वेंकूबाई माझी धाकटी बहीण. तिच्या मनात सुनेबद्दल, साईप्रियाबद्दल, संशय शिरला आणि घरातली कॉफीसुद्धा कडू झाली. मला विचाराल तर संशय यायलाच हवा होता! दुपारी वेंकू आडवी झाली की साईप्रिया मागच्या भट्टीच्या शेडला आतून कडी घालायची. दर शुक्रवारी माहेरी, पापनाशमला, पळायची. जाताना पिशवी जड, येताना रिकामी. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं?

वेंकू इथे तंजावरात मण्यांसाठी काचेच्या नक्षीदार कांड्या बनवते. रंगीत काचेचे थर चढवत जाड गोळ्यात फूल रचायचं, भट्टीत मऊ करायचं, दोन्ही टोकांना सळया चिकटवून दोघींनी उलट दिशांनी चालत जायचं. गोळा ताणत ताणत पेन्सिलीएवढा होतो. कुठेही कापा, आत तेच फूल! चालताना कांडीकडे नाही, एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं, तरच पावलं जुळतात. नवरा गेल्यावर वेंकूनं या फुलावर संसार ओढला. ते दुसऱ्याच्या हाती जाणं म्हणजे तिचा जीवच जाणं.

आणि ते पापनाशमच्या दुकानात विकायला! एका लग्नाला गेलो तेव्हा आम्ही डोळ्यांनी बघितलं. पाकळ्या मात्र एका बाजूला घसरलेल्या.

"नक्कल करायचीही अक्कल नाही मेल्यांना," वेंकू म्हणाली.

घरी येऊन तिनं सापळा लावला. फुलाचा पिवळा गाभा बदलून लाल केला. हे फक्त आम्हा तिघींना ठाऊक. ओढताना वेंकूची नजर सुनेच्या डोळ्यांत कुठली, तिच्या हातांवर! दोनदा कांडी तुटली. साईप्रियानं खाली मान घालून तुकडे वेचले. मान वर करेल कशाला, चोर ती!

पुढच्याच आठवड्यात मी स्वतः पापनाशमला जाऊन लाल गाभ्याचा मणी आणला. वेंकूनं तो अंगणात सुनेपुढे आपटला.

"हे काय गं? माझ्या घरात राहून माझंच फूल विकतेस?"

साईप्रियाचा चेहरा पांढराफटक. ती आत गेली, चेन्नईच्या व्यापाऱ्याला जायच्या खोक्यातून नमुन्याचा एक मणी घेऊन आली आणि खाली पडलेला उचलून दोन्ही सासूच्या तळहातावर ठेवले.

"अत्तै, यातला तुमचा कुठला?"

वेंकूनं उन्हात धरून बघितलं. "हा. खोक्यातला. असा गाभा मधोमध लागतो, शिकून घे."

"तो मी केला, अत्तै." पोरगी रडायलाच लागली. "दुकानातला तुमचा. पोंगलला व्यापाऱ्यानं तुमच्या कांड्या परत पाठवल्या. तेव्हापासून मी दुपारी कामवालीला दुसऱ्या टोकाला उभी करून नव्या ओढते आणि खोक्यात त्याच भरते. तुमच्या टाकवेनात, म्हणून तिकडे दुकानात देते."

अय्यो! वेंकू आता हिला झिंज्या धरून बाहेर काढते, असंच वाटलं मला.

वेंकू कितीतरी वेळ तो घसरलेला मणी चाचपत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "भट्टीपुढे मला नुसता उजेड दिसतो गं. फूल दिसत नाही."

"डॉक्टरकडे जाऊ या, अत्तै."

"जाऊ. आधी भट्टी पेटव." ती उठली आणि शेडमध्ये सुनेच्या जागी, दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. "फूल तू रच. मी ओढते."