पाव फेरा सैल

भूकंपानंतर आमच्या घरात काहीही सैल ठेवायचं नाही, असा नियम मी केला. कपाट भिंतीला बांधलं, मांडणी कपाटाला बांधली. (बायको म्हणते, तेवढं मलाच बांधायचं राहिलं!)

पुढं काही वर्षांनी आमची वर्षा दहावी झाली. अहमदपुरात तेव्हा पद्धतच पडली होती: लेक निघाली लातूरला क्लासला, की मागोमाग आई निघायची तिथं खोली करून राहायला, गॅस-भांड्यांसकट. हा संसार न्यायला मी धाकट्या भावाची जीप आणली आणि मागं दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडायचं ठरवलं. क्लासची प्रवेश परीक्षा त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता होती. उशीर झाला की गेट बंद, वर्ष गेलं!

आदल्या दिवशी युसूफचाचा मिस्त्रीनं ट्रॉलीच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं, नट आवळला आणि परत थोडा उलटा फिरवला.

"चाचा, चाक हलून राहिलंय की!"

"हलायलाच पाहिजे, गुरुजी. बेअरिंगला दम घ्यायला जागा लागती. पाव फेरा सैल ठिवलाय, हात लावू नका."

चाचा गेला आणि मी हात लावला. हलणारी वस्तू दिसली की माझा हात पान्याकडे जातो, त्याला मी काय करू? पुढच्या भूकंपात जिल्हा हलेल पण ही ट्रॉली हलणार नाही, असे दोन्ही नट आवळले.

लातूर दहा-बारा किलोमीटरवर आलं आणि बायको म्हणाली, "अहो, कायतरी जळून राहिलंय."

"तुझ्या पिशवीतली मिरची असंल."

"मिरचीला धूर येतो व्हय?"

वर्षा मागं वळली. "पप्पा, आपली ट्रॉलीच पेटून राहिली!"

उतरून मी चाकाला हात लावला आणि लगेच तो हात तोंडात घातला. बायकोनं तांब्याभर ताक चाकावर ओतलं. चर्रर्र! "झालं थंड," म्हणत मी जीप पुन्हा हाणली. थोड्या वेळानं खाडकन आवाज झाला आणि एक चाक आम्हाला मागं टाकून लातूरकडे निघालं.

"पप्पा, आपलं चाक!"

"आपलं नसंल," मी म्हणालो. तोवर ट्रॉली आडवी होऊन रस्ताभर ज्वारी सांडली होती.

सव्वादहा वाजले. बायकोनं लाटणं उगारून रस्त्याच्या मधोमध एसटी अडवली.

"मावशी, इथं थांबा न्हाई!" कंडक्टर ओरडला.

"मग आता झाला!" म्हणत तिनं लेकीला आत ढकललं.

मी दुपारपर्यंत ज्वारी भरत बसलो. पोरीचं वर्ष आपल्या पान्यानं बुडवलं, या विचारानं रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी खोलीवर वर्षा भेटली.

"पोचलीस का गं वेळेवर?"

"दोन मिनटं आधी. पेपर सोपा होता. घर्षणानं होणाऱ्या नुकसानीचं रोजच्या जीवनातलं उदाहरण विचारलं होतं."

"मग? काय लिहिलंस?"

"आमचे पप्पा."

तिला प्रवेश मिळाला. पेपर परत आला तेव्हा त्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते आणि शेजारी सरांचा शेरा होता: 'उदाहरण समर्पक.'