धुळाआप्पांचा कारभार

धुळाआप्पा आधी मारायचे आणि कारण मग सांगायचे. त्यांचं म्हणणं असं, की कारण आधी सांगितलं तर माणूस वाद घालत बसतो आणि मारायचं राहून जातं. न्हावऱ्यात त्यांनी कुणाच्या कानाखाली वाजवली, की तिकडं दौंड जंक्शनात उभ्या गाडीचा ड्रायव्हर सिग्नल मिळाला समजून गाडी सोडायचा. खोटं वाटत असेल तर दौंडला जाऊन विचारा. तिथल्या गाड्या वेळेवर का सुटत नाहीत, याचं दुसरं कारण आजवर कुणाला देता आलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. दुपारचं जेवण करून खाटेवर कलंडले ते उठलेच नाहीत. इतकं शांत मरण त्यांच्या बाबतीत कुणाला पटेना. खांदेकरीसुद्धा दबकत चालत होते, मध्येच उठून "नीट धर की रं!" म्हणत एखाद्याला ठेवून देतील, याची सगळ्यांनाच धास्ती.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो नोकरी मागायला. आमची कंपनी दूध उत्पादकांची. न्हावरे आणि आसपासच्या गावांतले शेतकरी हेच तिचे मालक आणि तेच सभासद. गावोगावचं दूध गोळा करायचं, टँकरनं दौंडजवळच्या आमच्या शीतकरण केंद्रात न्यायचं आणि तिथून मोठ्या डेअरीला द्यायचं, असा धंदा. आप्पा अध्यक्ष. मी पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन, बुटाला पॉलिश करून, मॅनेजर व्हायला आलेला. आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला.

"बैठकीत मी चुकीचं बोललो, तर तू काय करशील?"

मी अदबीनं म्हणालो, "आप्पा, तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही."

यापुढचं मला आठवतं ते फरशीवरून. छताचा पंखा बंद होता, तरी फिरत होता.

"मान हलवायला माझ्या घरी मेंढरं हायती," आप्पा वरून वाकून सांगत होते. "त्यान्ला पगार बी द्यावा लागत न्हाई. आता परत सांग, काय करशील?"

"तुम्ही चुकलात, असं तोंडावर सांगेन."

"ये उद्यापास्नं."

कारभार कसा चालवावा यावर मी कॉलेजात जाडजूड पुस्तकं वाचली होती. पण अध्यक्षाला 'चूक' म्हणणारा माणूस जवळ असावा, हा धडा कानशिलातून आत गेला तो असा.

आप्पांचं घराणं मेंढपाळांचं. आजोबा-पणजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, गाई आल्या आणि घर न्हावऱ्यात स्थिरावलं. आप्पांनी मात्र कमरेएवढी जाड काठी आणि खांद्यावरचं घोंगडं सोडलं नाही. कमरेएवढी म्हणजे माझ्या कमरेएवढी. त्यांची कंबर सांगितली तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल.

इतर संस्थांच्या वार्षिक सभा तुम्ही पाहिल्या असतील. चहा निवायच्या आत 'मंजूर, मंजूर' होतं आणि पंगत बसते. आप्पा अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी मंडपाच्या तोंडाशी आडवी बैलगाडी लावली. "हिशेब वाचून झाला. आता प्रश्न इचारा. प्रश्न न्हाई तर जेवान न्हाई." अख्खा मंडप चिडीचूप. आचाऱ्याकडून मटणाच्या रश्श्याचा वास यायला लागला, तसा मागून एक जण कळवळून ओरडला, "आप्पा, जेवान कवा?" आप्पा खाली उतरले, माणसांतून वाट काढत गेले आणि त्याला दोन रट्टे घातले. मग जरा विचार करून मला म्हणाले, "तसा ह्यो बी प्रश्नच हाय. लिव्ह."

पण लोक बोलायला लागले. आधी भुकेपोटी, मग सवयीनं. पशुखाद्य महाग का, डॉक्टर वेळेवर का येत नाही, अध्यक्षांच्या गाईला आधी इंजेक्शन का? या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. आप्पा म्हणाले, "बराबर हाय. चूक झाली," आणि विचारणाऱ्याला त्यांनी हातही लावला नाही. त्या माणसाला म्हणे पुढं कित्येक दिवस झोप लागली नाही.

त्यांचा सगळ्यात कडक नियम होता तो बैठकीतला. ज्या विषयात ज्या संचालकाचा नातेवाईक, त्या विषयाला त्यानं खोलीबाहेर बसायचं. आमचे एक संचालक पोपटशेठ. माणूस गोड, इतका की त्यांच्या शर्टाला मुंग्या लागत. त्यांच्या मेव्हण्याकडून पशुखाद्य घ्यायचा विषय निघाला, तर हे खुर्ची सोडेनात. "मी नुसता बसतो हो आप्पा. तोंडातून अवाक्षर काढणार न्हाई."

"तुमचं तोंड न्हाई बोलत, पोपटशेठ. तुमचं डोळं बोलत्यात," आप्पा म्हणाले आणि पोपटशेठना खुर्चीसकट उचलून त्यांनी खिडकीतून बाहेर टाकलं. त्या खिडकीला तोवर गज होते.

आता हा नियम आप्पांच्या घरावर कसा उलटला, ते सांगतो.

बिरू हा आप्पांचा एकुलता एक मुलगा. गोरागोमटा, हसतमुख, गॉगल लावून बुलेट उडवणारा. त्यानं एक टँकर घेतला आणि कंपनीचं दूध दौंडला न्यायच्या कामासाठी अर्ज टाकला. बैठकीत विषय निघाला. आप्पा उठले आणि बाहेर उन्हात जाऊन बसले. आत आम्ही राहिलो: पोपटशेठ, बाकीचे संचालक, सुजाताताई आणि मी. सुजाताताई भीमनगरातल्या. मंडळातल्या एकट्याच बाई, आणि दौंडच्या केंद्रातली दूधतपासणी नुकतीच त्यांच्या ताब्यात आलेली. त्या दिवशी त्यांनी एकच म्हटलं, "बिरूचा दर लई कमी हाय. परवडतो कसा, ते त्याला बोलवून इचारू." पोपटशेठ घाईघाईनं म्हणाले, "ताई, वाघाच्या बछड्याला 'दात दाखव' म्हणायचं का? बाहेर वाघ बसलाय." सगळे हसले. काम बिरूला दिलं.

आप्पा आत आले. "का दिलं?"

"आप्पा, तुमचा पोरगा म्हणून—" एका संचालकाच्या तोंडातून खुशामत निसटली, आणि पाठोपाठ दातही. मग ज्यानं त्यानं टेबलाखाली जागा धरली. शेवटी सुजाताताईंनीच आप्पांच्या काठीचं टोक धरलं. "दर सगळ्यात कमी त्याचाच हाय, ते खरं हाय. तुमचा पोरगा म्हणून द्यायचं न्हाई, तसंच तुमचा पोरगा म्हणून नाकारायचं बी न्हाई. पर त्याच्यावर माझी नजर ऱ्हाईल."

आप्पांनी काठी खाली घेतली. "ठेव पोरी. आन् कायबी वंगाळ दिसलं, तर आदी मला सांग." जाताना मात्र ते मला म्हणाले, "मॅनेजर, ह्यो माझाच नियम माझ्याच घरात शिरलाय. आता एकतर नियम ऱ्हाईल, न्हाई तर घर."

उन्हाळ्यात एका सकाळी सुजाताताईंचा फोन आला. आप्पांना मोटारसायकलवर मागं बसवून मी दौंडला निघालो. ते बसल्यावर पुढचं चाक जमिनीला लागत नव्हतं, पण त्या दिवशी माझा विनोद कुणाला ऐकायचा नव्हता.

केंद्रात बिरूचा टँकर उभा होता. सुजाताताईंनी आमच्यासमोर पुन्हा तपासणी करून दाखवली. पावडर, तेल आणि फेस येण्यासाठी कपडे धुवायची भुकटी. खरं दूध वाटेतच कुठंतरी उतरवून घ्यायचं, विकायचं आणि टँकर या पाण्यानं भरायचा. कमी दर परवडत होता तो असा.

"हे दूध पोरंबाळं पित्यात, आप्पा," सुजाताताई म्हणाल्या.

बिरूनं गॉगल कपाळावर चढवला. "आप्पा, सगळेच करत्यात. आन् तुमी अध्यक्ष आसताना आपला टँकर तपासायची हिंमत कुणाची हुती? ही ताई नवीन हाय, समजावून सांगू तिला."

इथून पुढं मी एक शब्दही वाढवून सांगत नाही. टँकरच्या तोटीला लावायची लोखंडी दांडी तिथं पडली होती. आप्पांनी ती उचलली. पहिला घाव बिरूनं उजव्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज झाला. ओलं लाकूड मोडताना होतो तसा. तो ओरडला, "आप्पा, मी हाय! बिरू हाय मी!" दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा पाठीवर. तो लोळत टँकरखाली गेला, तर आप्पांनी पाय धरून त्याला बाहेर ओढलं. तोंडातून रक्त आलं होतं. मी आणि दोन हमाल आप्पांच्या अंगावर पडलो, तेव्हा कुठं दांडी सुटली. मग त्यांनी तोटी फिरवली. ते पांढरं पाणी धो धो वाहत गटारात गेलं आणि आप्पा त्यात घोट्यापर्यंत उभे राहिले.

"मारलं त्याला," ते धापा टाकत म्हणाले. "झालं."

"काय झालं?" सुजाताताई बिरूचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा आवाज थरथरत होता, भीतीनं नव्हे. "ह्यो तुमचा पोरगा हाय, त्याला मारलं, ते तुमच्या घरातलं झालं. आन् तसं बी वंगाळच झालं. कंपनीचं काय? दुसऱ्या कुणाचा टँकर आसता, तर नुसता मारून सोडला आसता? तक्रार करावी लागंल, आप्पा. पोलिसात बी आन् अन्न खात्यात बी. सही अध्यक्षाची लागंल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आप्पांना मारलं होतं, आणि तेही हात न लावता. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मग माझ्याकडं हात पसरून म्हणाले, "पेन दे."

बिरूला अटक झाली, मग जामीन मिळाला. मोठ्या डेअरीनं आमचं दूध काही काळ बंद केलं. वार्षिक सभा तोंडावर आली. पोपटशेठ घरी येऊन हळूच म्हणाले, "आप्पा, सभेत ह्यो विषयच नको. झाकली मूठ सव्वा लाखाची." आप्पांनी मूठ झाकलेलीच ठेवली आणि तशीच पोपटशेठच्या जबड्यावर ठेवली. सभेला पोपटशेठ गालाला फडकं बांधून आले.

मंडप गच्च भरला होता. आप्पांनी स्वतः सगळं सांगितलं. टँकर कुणाचा, काय मिसळलं, बैठकीत कुणी विचारायला सांगितलं होतं आणि कुणी विचारलं नाही. मुलाचं नाव घेताना ते अडखळले नाहीत. मग काठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आमच्यात मेंढरांच्या तळाला वाडा म्हंत्यात. वाड्याला एक कारभारी आसतो. मेंढरू कुणाचं का आसंना, दुसऱ्याच्या पिकात शिरलं, तर मार कारभाऱ्यानं खायचा. पिकाचे धनी तुमी. या, मारा."

पटका काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

कुणी हलेना. "आवं आप्पा, काय येड्यावानी!" कुणीतरी म्हणालं. सुजाताताई पुढं आल्या. "राजीनामा द्या आप्पा. मार खाऊन काय हुनार?"

"राजीनामा दिलाय मॅनेजरकडं. पर राजीनामा कागदाला दुखतो. मला कुठं दुखतोय?"

तेवढ्यात मागच्या रांगेत एक जण उठला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. बिरू. सभासद होता तोही. त्याच्याही गोठ्यातलं दूध कंपनीत येत होतं. लोकांनी वाट करून दिली. तो टेबलापाशी आला आणि डाव्या हातानं काठी उचलली. मला वाटलं, बापाच्या पाया पडेल. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार.

त्यानं मारलं. डाव्या हाताचा घाव, पण सगळा राग त्यात होता. आप्पांच्या खांद्याचं हाड मोडलेलं पहिल्या रांगेतल्यांनी ऐकलं. आप्पा टेबलावर आदळले, पण खाली पडले नाहीत. बिरूनं काठी पुन्हा वर नेली. ती वरच राहिली. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो मंडपाच्या मधोमध लहान पोरासारखा हमसून रडू लागला. सुजाताताईंनी त्याच्या हातातून काठी काढून घेतली.

आप्पा टेबलाला धरून सरळ झाले. एक खांदा खाली लोंबत होता, कपाळावर घाम. त्यांनी मुलाकडं पाहिलं. त्यात माया होती की राग, ते मला आजही सांगता येत नाही. आणि मी तर नसलेल्या गोष्टीही सांगणारा माणूस.

"बस खाली," ते त्याला हळू म्हणाले. "तुझ्या जाग्यावर बस."

तो जाऊन बसला. माझ्या हातातल्या कागदावर पुढं लिहिलं होतं, 'नवीन अध्यक्षाची निवड', आणि मी ते वाचायचं सोडून आप्पांचा लोंबता खांदा बघत होतो. आप्पा माझ्याकडं वळले.

"गप का, मॅनेजर? पुढचा विषय वाच."