माझी खुर्ची सामान नाही

कमरेखाली मला काही कळत नाही. आमच्या शहरातल्या द्वारका चौकात एका ट्रकने माझी स्कूटर उडवली, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या अपघाताचा राग कधीच विझला. मी लिहिते आहे तो राग वेगळा आहे आणि अजून चांगला धगधगतो आहे.

माझी भाची नोकरीसाठी हैदराबादला गेली, तिथे तिने घर भाड्याने घेतलं आणि आम्हा दोघी बहिणींना बोलावलं. धाकटी म्हणाली, "ताई, ओझरहून थेट विमान आहे. उगाच ट्रेनची दगदग कशाला?" मलाही ते पटलं. तिकीट देशातल्या एका मोठ्या कंपनीचं काढलं. मोठी कंपनी म्हणजे व्यवस्था चोख असेल, असा आमचा समज.

निघण्याआधी मी त्यांना पुन्हा पुन्हा फोन केले. दर वेळी तेच सांगितलं. माझी स्वतःची व्हीलचेअर मी विमानाच्या दारापर्यंत वापरणार, आणि उतरल्यावर ती मला दारातच हवी. पलीकडून गोड आवाज यायचा, "नोंद केली आहे, मॅडम."

इथे माझ्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. ती मापाची आहे. माझ्या कमरेच्या रुंदीची, माझ्या हातांच्या लांबीची. तिच्यात बसले की मखमलाबादच्या आमच्या नर्सरीत मी गुलाबांच्या रांगांमधून एकटी फिरते, मजुरांना ओरडते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. आणि तिच्यावरची गादी ही काही चैन नाही. मला बसल्याचं दुखत नाही, म्हणून कातडी कधी दबते तेही कळत नाही. ती गादी माझी कातडी वाचवते.

ओझरच्या काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे न बघता बहिणीला विचारलं, "यांना थोडंफार चालता येतं का?"

बहीण घाईघाईने म्हणाली, "नाही हो, अजिबात नाही."

"मग त्यांची चेअर इथेच द्यावी लागेल. आम्ही आमची देतो."

मी म्हटलं, "मी फोनवर सांगितलं आहे. दारापर्यंत माझीच."

तिने संगणकात पाहिलं. "असं काही दिसत नाही, मॅडम."

मी वाद घातला. मागे रांग वाढत होती. कोणीतरी घड्याळ बघून मोठ्याने सुस्कारा टाकला. शेवटी बहिणीनेच माझा खांदा दाबला आणि मी त्यांच्या खुर्चीत गेले.

त्यांच्या खुर्चीची चाकं लहान असतात. मागून कोणी ढकललं तरच ती हलते. ज्याला चालता येतं त्याला यातला फरक कळायचा नाही. माझ्या खुर्चीत मी बाई असते, त्या खुर्चीत मी ठेवलेली वस्तू होते. आणि वस्तूसारखंच झालं. ढकलणारा माणूस "दोन मिनिटं हं" म्हणाला, मला एका खांबाकडे तोंड करून ठेवलं, मागचा ब्रेक लावला आणि गेला. बहीण बायकांच्या तपासणीच्या रांगेत अडकली होती. माझी बाथरूमची वेळ ठरलेली असते, ती टळून गेली. समोर खांब. मान वळवून हाका मारल्या तर एका बाईने जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला, "बिचारी" म्हणाली आणि पुढे गेली. मला कीव नको होती. मला फक्त ब्रेक काढून बाथरूमकडे ढकलायला कोणी हवं होतं.

विमानात मधल्या अरुंद वाटेने न्यायला दोघे आले. मी म्हणत होते, "थांबा, कसं धरायचं ते सांगते." तोवर एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघे धरले आणि कांद्याची गोण उचलावी तसं मला उचलून जागेवर टाकलं. ड्रेस वर सरकला होता. तो मी स्वतः नीट केला.

हैदराबादला सगळे उतरले. दारात माझी खुर्ची नव्हती. "सामानाच्या पट्ट्यावर येईल," असं सांगितलं. पुन्हा ती लहान चाकं, पुन्हा कोणीतरी मागून ढकलणारा.

ती पट्ट्यावर आली तेव्हा आडवी होती, दोन बॅगांच्या मध्ये. एक चाक वाकलं होतं, हाताने ढकलायची कडी निखळून लोंबत होती. गादी नव्हतीच.

तिथल्या कंपनीच्या माणसाने खुर्ची उभी केली, चाक फिरवून पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "सामानाचं किरकोळ नुकसान. सही करा, मेल येईल."

"ते सामान नाही," मी म्हटलं. "आणि किरकोळ कसं? मी घरी कशी जाऊ?"

"बाहेरपर्यंत आमची चेअर आहे ना."

"आणि बाहेर गेल्यावर?"

त्याने बहिणीकडे वळून विचारलं, "मॅडम को पानी चाहिए क्या?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मला चालवता येईल अशी खुर्ची आणि तशी गादी मिळेपर्यंत मी यातून उठणार नाही. तुमची आहे ना ही? बसले."

बहीण कानाशी लागली. "ताई, लोक बघतायत."

"बघू दे."

"पोरगी बाहेर कधीची उभी आहे. तिच्या घरी पहिल्यांदा चाललोय आपण. आजच्या दिवस सोड ना."

"तुला चालता येतं म्हणून तुला सोडता येतं," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. तो शब्द मला परत घ्यावासा वाटला नाही, आजही वाटत नाही.

दुपार तशीच गेली. एक साहेब आला, मग त्याच्या वरचा. वरचाही बहिणीशीच बोलू लागला. ती एकदम म्हणाली, "मला काय विचारता? खुर्ची तिची आहे. तिच्याशी बोला." मग तो माझ्याशी बोलला. संध्याकाळच्या सुमारास औषधांच्या दुकानातून भाड्याची एक खुर्ची आली, मोठ्या चाकांची. गादी मात्र साधी फोमची. नोंदीतला "किरकोळ" हा शब्द मी खोडायला लावला, आणि बाहेर पडलो.

मी जिंकले असं भाचीला वाटलं. तिने मिठी मारली. रात्री अंघोळ घालताना बहिणीला माझ्या मागच्या बाजूला लाल चट्टा दिसला. घरी मी दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलते. त्या टणक खुर्चीत, भांडणाच्या भरात, मी ते साफ विसरले होते. दुसऱ्या दिवशी चट्टा फुटला. डॉक्टरांनी बसायला बंदी केली. भाचीच्या नव्या घराचं मी काय पाहिलं, तर फरशी. पालथी पडून. ती गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून माझ्या नाकासमोर आणून दाखवायची. परत आले ती ट्रेनच्या बर्थवर, तशीच पालथी. नर्सरीत पुन्हा जाईपर्यंत पावसाळ्याची निम्मी विक्री उरकली होती.

लोक विचारतात, न उठण्याचा हट्ट केलास ते चुकलं का? मला उत्तर माहीत नाही. उठले असते तर कातडी वाचली असती, आणि ते वाकलं चाक माझ्याच गळ्यात पडलं असतं. असा पेच ज्यांनी माझ्यापुढे टाकला त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचीच मला चीड येते. चाकाची दुरुस्ती कंपनीने बऱ्याच मेलनंतर करून दिली. गादी सापडली नाही. पत्रात "गैरसोयीबद्दल दिलगीर" असं लिहिलं होतं. उघडी जखम म्हणजे गैरसोय!

परवा वणीकडच्या एका मुलीचा फोन आला. तीही खुर्चीवरच असते, टेबल टेनिस खेळते, आणि स्पर्धेसाठी पहिल्यांदाच विमानाने चालली आहे. कोणीतरी माझा नंबर दिला होता. मी तिला सगळं सांगितलं. फोनवरच्या शब्दावर जाऊ नको, लेखी माग आणि ते हातात ठेव. गादी काढून स्वतःजवळ घे, बसायच्या जागेवर तीच घाल. सुटे होतील ते भाग काढून पिशवीत ठेव. खुर्ची देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढ. कोण कसं उचलणार ते तू सांग, हात लागायच्या आधी सांग. खांबाकडे तोंड करून ठेवायला लागले तर तिथेच ओरड. तक्रार लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नको, आणि भांडताना अंग उचलत राहा.

ती मग म्हणाली, "एवढं सगळं करायचं हाय तर ताई, तुम्ही परत जाणार नाय का विमानानं?"

"जाणार," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात. तिकीट काढलंय."