राळेगावकडे, काड्यांवरचा गुणाकार बघायला

"यवतमाळला? हौसेनं?" आईनं विचारलं. कापसाची वाईट वर्षं चालली होती आणि त्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते वाईट बातमीसाठीच. पण माझी मैत्रीण मंदा राळेगावजवळच्या एका खेड्यात चौथीला शिकवते. तिचा फोन आला होता, "शनिवारी पालकसभा हाय. पोराईले गुणाकार नाही आला तं माह्या काड्या बंद, अन् पुन्हा घोकंपट्टी. तू ये वं." निघाले.

धामणगावला रेल्वेतून उतरा, यवतमाळ गाठा, तिथून एसटीनं दीडेक तासात राळेगाव. पुढे फाट्यापासून गावापर्यंत जुलैत नुसता काळा चिखल. चपला हातात घ्या आणि लाज सोडा. मंदाकडे बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात होता. त्यावर फोडणीचं कढत तेल ओततात. डाएट गुंडाळून ठेवलं आणि दोनदा घेतला.

सकाळी वर्गात गेले. इथे वावरात उभ्या-आडव्या रेघा मारतात आणि त्या जिथे छेदतात त्या फुलीवर सरकी टोबतात. मंदानं तेच वर्गाच्या फरशीवर आणलं होतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या: चार उभ्या, तीन आडव्या, फुल्या मोजा, बारा! पोरं खूश. मीही फतकल मारून त्यांच्यात बसले.

सभेला शाळा समितीचे अध्यक्ष नामदेवराव आले, मिशांसकट गंभीर. त्यांनी पूनम नावाच्या मुलीला उभं केलं. "माह्या वावरात धुऱ्याजवळ सात तासं हायेत, एका तासात आठ फुल्या. पऱ्हाट्या किती?" तास म्हणजे पेरणीची ओळ, धुरा म्हणजे बांध.

पूनमनं काड्या मांडल्या, बोट फिरवलं, जरा विचार केला. "त्रेपन्न."

पालक हसले. मंदाचा चेहरा उतरला.

"पाहा मॅडम," नामदेवराव म्हणाले, "याच्यासाठीच म्हणून राह्यलो, पाढे घ्या."

"फुल्या छप्पनच हायेत, काका," पूनम म्हणाली. "पण तुमच्या तिथं तीन खाडे पडले. सरकी उगवलीच नाही. शाळेत येता येता पाह्यलं मी."

सगळ्यांत आधी नामदेवरावच हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मले नाही दिसले, अन् पोरीले दिसले! राहू द्या मॅडम तुमच्या काड्या. मी चाललो खाडे भराले." सभा तिथेच संपली. मंदा आणि मी रिकाम्या वर्गात लहान पोरींसारख्या नाचलो.

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. तीसपर्यंतचे पाढे मला झोपेतही येतात, छड्या खाऊन पाठ केलेले, आणि त्याचा मला फार तोरा होता. छप्पन मात्र मी पहिल्यांदा पाहिले ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पूनमच्या बोटाखाली.