दोन दिवसांत पाणी

नारायण पेठेत घरोघरी केबल आली तेव्हाची गोष्ट. आमचा केबलवाला दिवसभर गच्च्यांवरून वायरी ओढायचा आणि संध्याकाळी खांद्यावर कॅमेरा टाकून पेठेतल्या बातम्या टिपायचा. त्या तो स्वतःच्या चॅनेलवर दाखवायचा. कोणी काही बोललं की म्हणायचा, "परत एकदा म्हणा, सावकाश." कॅमेरा जवळ नसला तरी म्हणायचा.

एकदा गल्लीतली पाण्याची लाइन फुटली. आम्ही बादल्या घेऊन टँकरमागे धावत होतो. नगरसेवक येऊन म्हणाले, "दोन दिवसांत पाणी देतो." आमच्या केबलवाल्यानं ते त्यांच्याकडून कॅमेऱ्यासमोर परत, सावकाश म्हणवून घेतलं.

आठवडा झाला तरी नळ कोरडेच. मग यानं ते वाक्य आपल्या चॅनेलवरच्या रोजच्या सिनेमात मधेमधे लावलं. नायिका रडायला लागली की नगरसेवक यायचे.

शेवटी ते स्वतः त्याच्या दुकानात आले. मी तिथेच होतो.

"अहो, बंद करा ते. आमच्या मातोश्री रोज सिनेमा बघतात. जेवताना पाणी मागितलं तर म्हणतात, दोन दिवसांत देते."

"नळाला आलं की बंद करतो," हा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच शांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं.

पुढे वाचनालयाच्या उद्घाटनाला नगरसेवक भाषणाला उभे राहिले. समोर हा कॅमेरा लावून उभा होता. ते "नमस्कार" म्हणाले आणि खाली बसले. इतक्या मनापासून टाळ्या आम्ही कुठल्याच भाषणाला वाजवल्या नव्हत्या.